एकटीचं कपाट

डनीडन, ९ एप्रिल

तामा,

तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून हा कागद. पाकीट लीॲनच्या नावानं पाठवतेय, म्हणजे निदान फोडलं तरी जाईल. तुला वाचायचं नसेल तर बायकोकडून ऐक, आणि तेही नको असेल तर खुशाल फाडून टाक. मी काही तिथे बघायला येत नाही.

हुईया आत्याकडून कळलं की तुमच्या बाळाला, इहाकालाही झटके सुरू झालेत. पाचव्या महिन्यात. वायमारीलाही पाचव्यातच सुरू झाले होते. ती माझ्या मांडीवर होती आणि मला वाटलं, उचकी लागलीय. आत्यानं हे सांगितलं तेव्हा मी मोएराकीला तिच्या ओसरीत शिंपले साफ करत बसले होते. सुरी खाली ठेवली. आत्या म्हणाली, "रडायचं असेल तर रडून घे, मग उरलेले साफ कर." मला रडू येत नाही तामा. पोर गेल्यापासून एकदाही आलं नाही. सकाळी उठते, कामाला जाते, परत येते, आणि हे सगळं कशासाठी ते मला कळत नाही.

तिची आई निघून गेली, तू खाणीवर कामाला चाललास, आणि आपल्यात पोर घरातल्या घरातच वाढतं, म्हणून मी तिला घेतलं. आठ वर्षं ती माझ्याजवळ होती. मागच्या ऑगस्टमध्ये एका झटक्यातून ती परत आलीच नाही. तू आलास तो थेट माराएवर, आपल्या कुळाच्या सभाघरात तिला ठेवलं होतं तिथे, आणि सगळ्या गोतावळ्यासमोर उभा राहून म्हणालास, "हिनं माझ्या पोरीचं डोकं डॉक्टरांना विकलं." मी तिच्या उशाशी बसले होते. तिथे भांडायचं नसतं, म्हणून गप्प राहिले. नाहीतर तुला माझं तोंड माहीत आहे.

डोकं नव्हतं ते. ती असतानाच दंडातून काढलेलं चमचाभर रक्त होतं. आमच्या प्रयोगशाळेची मुख्य मॉर्वेन, तिनं त्या रक्तातून पेशी वाढवल्या आणि कित्येक महिन्यांनी त्यांचे मेंदूच्या ऊतीचे गोळे झाले, मसुराच्या डाळीएवढे. ते विचार करत नाहीत, त्यांना काही दिसत नाही. पण त्यांच्यात वीज खेळते. ज्या बशीत ते ठेवतो तिच्या तळाशी केसाहून बारीक तारा असतात. त्या तारा ती वीज टिपतात आणि पडद्यावर रेघ उमटते. ती टिपून ठेवणं हे माझं काम. आवाजही लावता येतो. निरोगी माणसाच्या गोळ्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर थोडे थोडे तांदूळ टाकल्यासारखा. वायमारीच्या गोळ्यांत मात्र मध्येच सगळं पोतं ओतल्यासारखं होतं, आणि मग बराच वेळ काहीच नाही. तिचे झटके तसेच होते.

उन्हाळ्यात बुरशी लागून बरेच गोळे गेले. सहा उरलेत. इहाकात तिच्यासारखाच जन्मजात दोष असेल, तर या सहांना जे औषध लागू पडेल ते त्यालाही पडण्याची आशा आहे. एवढंच सांगायला लिहिलं. तू माझ्याशी बोलू नकोस, माझी हरकत नाही. पर्थच्या डॉक्टरांना फक्त मॉर्वेनशी बोलू दे.

रिपेका


डनीडन, ४ मे

तामा,

लीॲनचा निरोप मिळाला. तुझा नाही, पण तू तिला अडवलं नाहीस, तेवढंही मला पुष्कळ. दोष तोच निघाला. मला वाटलंच होतं, तरी मॉर्वेननं सांगितल्यावर मी बाहेर जिन्यात जाऊन बसले.

दुसऱ्याच एका आजारावर देतात असं एक जुनं औषध आहे. आधी गोळ्यांवर बघायचं, मग पर्थचे डॉक्टर ठरवतील. खरं तर निम्म्या गोळ्यांना औषध घालून निम्मे तसेच ठेवायला हवे होते, म्हणजे फरक कळतो. पण सहातले तीन बाजूला काढायचे म्हणजे हातात उरतं काय? मॉर्वेन म्हणाली, औषधाआधीची टिपणं आपल्याकडे आहेतच, त्यांच्याशी ताडून बघू. सहाही गोळ्यांना घातलं.

आणखी एक सांगते, म्हणजे तुझ्या जिवाला जरा बरं वाटेल. तुझं माराएवरचं बोलणं मला लागलं होतं. परत आल्यावर मी इथे सगळ्यांना जमवून सांगितलं, डोकं तापू असतं, पवित्र, या पोरीच्या बशीजवळ अन्न आणायचं नाही, अन्नाचं नावही काढायचं नाही, आणि तिच्या कपाटात दुसऱ्या कुणाचं काही ठेवायचं नाही. पलीकडच्या खोलीत उबेचं एक लहान कपाट पडून होतं. ते पुसून घेतलं, टिपणाचं एक यंत्र त्यातच बसवलं आणि तिला तिथे हलवलं. बाकी सगळ्यांचे गोळे मोठ्या कपाटात, ती एकटी या कपाटात. इथली माणसं पेशींना 'जेवण घातलं' म्हणतात, तेही बंद केलं. आता 'पाणी बदललं' म्हणायचं. परवा मॉर्वेन दारातूनच ओरडली, "रिपेका, वायमारीचं जेवण झालं का?" आणि मग दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी राहिली. एरवी ही बाई कुणाला भीक घालत नाही. पण या बाबतीत मी काही म्हटलं की सगळे माना डोलावतात, उलट कुणी विचारत नाही.

आत्याची मंडळी तीती पक्ष्यांची पिल्लं पकडायला बेटावर गेलीत. तुला बादलीभर पक्षी पाठवले असते, पण तुमच्याकडचे कस्टमवाले ते कचऱ्यात फेकणार आणि त्याचा तळतळाट मला लागणार.

इहाकाचा फोटो बघितला. कान आपल्या बाबांचे आहेत, बिचाऱ्याचं नशीब.

रिपेका


डनीडन, ११ जून

तामा,

ती शांत झाली.

मी आवाज लावून बसले होते. पोतं ओतल्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत होते, आणि तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. बारीक बारीक तांदूळ पडताहेत, तेही क्वचित. सहाही गोळ्यांत. मॉर्वेननं माझ्या खुर्चीमागे उभं राहून बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती माणसांना हात लावणाऱ्यांतली नाही.

पोर जिवंत असताना आठ वर्षांत मी तिला एक रात्र अशी शांत बघितली नव्हती. शेजारच्या खोलीत पलंग वाजला की मी धावायची. आता यंत्रासमोर बसून मी मोठ्यानं म्हणाले, "झोप गं बाई, झोप." हे कुणाला सांगू नकोस, मला वेडी ठरवतील.

तिला याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. ती गेली. तिचं हे उरलेलं चिमूटभर शांत झालं, म्हणून मी हसायचं की काय करायचं? घरी गेले आणि तिची गादी अजून तशीच आहे ती बघून परत सगळं तेच. पण इहाकाला उपयोग होईल. मॉर्वेननं पर्थला सगळी टिपणं पाठवली.

रिपेका


डनीडन, ६ जुलै

तामा,

काल फोनवर मी नीट बोलले नाही, म्हणून लिहितेय. तुझं नाव दिसलं आणि मी हातातला कप तसाच सिंकमध्ये टाकला. तू म्हणालास, "ताई, मी बोलतोय." मग म्हणालास, "कालगुर्लीच्या या खाणीवरही थंडी आहे, कधी वाटलं होतं?" एवढ्या महिन्यांनी भाऊ फोन करतो आणि हवेचं बोलतो. मी हसले. तू रडलास ते मला ऐकू आलं, तू खोकल्याचं सोंग केलंस तरी.

आठवडा झाला औषध सुरू करून, झटका नाही. दिवसाला दहा-दहा यायचे, आता एकही नाही. लीॲन पहिल्यांदा सलग झोपली. तू म्हणालास, "वायमारीनं आपल्या भावाला वाचवलं. आणि माराएवर मी तुला जे बोललो ना ताई, ते..." पुढचं मला ऐकायचंच नव्हतं. झालं ते झालं.

तू म्हणालास, तो आता खूप झोपतो. दूध प्यायलाही उठवावं लागतं. नवीन औषध आहे, अंगवळणी पडायला वेळ लागत असेल. तरी डॉक्टरांच्या कानावर घाल.

तुझी ताई


डनीडन, २८ जुलै

तामा,

घाईत लिहितेय. इहाकासाठी लोकरीचे मोजे पाठवले आहेत, आत्यानं विणलेत, एक थोडा मोठा झालाय.

तो हसतो का? आवाज झाला की वळून बघतो का? आधी तो तुझी दाढी ओढायचा, असं लीॲन म्हणाली होती. आता ओढतो का? डॉक्टरांकडे परत कधी जायचंय? तारीख लांबची असेल तर अलीकडे घ्या. उगाच विचारतेय. सहज.

तुझी ताई


डनीडन, १ ऑगस्ट

तामा,

मागचं पत्र मी सहज लिहिलं नव्हतं. तेव्हा मला शंका आली होती, पण खात्री नव्हती, आणि खात्री होऊ नये म्हणून मी मरत होते. आज खात्री झाली. तुला फोन केला तर तू खाली खाणीत होतास. लीॲननं घेतला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "ऐका, किती छान झोपलाय," आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला. मी त्याचा श्वास ऐकत राहिले. तिला काही न सांगताच फोन ठेवला. म्हणून इथे सगळं लिहिते, आणि तू वर आलास की फोनवरही सांगते.

वायमारीला वर्ष होईल म्हणून हुईया आत्या कराकिया, आपली प्रार्थना, म्हणायला आली होती. मी तिला पलीकडच्या खोलीत नेलं, कपाट दाखवलं, अन्न लांब ठेवते, जेवणाचा शब्द बंद केला, सगळं सांगितलं. मला वाटलं ती पाठ थोपटेल. ती आत वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "बाकीचे कुठायत?"

"कोण बाकीचे?"

"हिच्यासोबतचे. ही एकटीच का?"

मी म्हटलं, "आत्या, तापू आहे म्हणून."

"कुणी शिकवलं गं तुला हे? अन्नापासून लांब ठेव, बरोबर. पण एकटं? आपलं माणूस गेलं तरी आपण त्याला खोलीत एकटं ठेवत नाही. तीन दिवस उशाला बसतो, आळीपाळीनं झोपतो. आणि तू या पोरीला वर्षभर कोंडून ठेवलंस?"

मला आपलं काही धड येत नाही, तामा. आपण दोघं शहरात वाढलो, मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा माराएवर राहिले, आणि तू सगळ्यांसमोर बोललास म्हणून मी मला ठाऊक होतं त्याच्या दुप्पट सोवळं करायला गेले. मी जे म्हणाले ते इथे कुणी तपासलं नाही, कारण त्यांना वाटलं, हिच्या घरचं हिलाच माहीत. मॉर्वेननंही मान ठेवला. मला कुणीतरी दटावलं असतं तर!

आत्या गेल्यावर मी निरोगी माणसांच्या गोळ्यांच्या दोन बशा मोठ्या कपाटातून आणून वायमारीशेजारी ठेवल्या. सोबतीला. त्यांना औषध घातलेलं नव्हतं. तिकडे त्या चांगल्या तडतडत होत्या. इथे आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज कमी झाला. तिसऱ्या दिवशी जवळजवळ बंद. त्याच दिवशी मी तुला मोज्यांचं पत्र लिहिलं.

मग कपाटात आपला तापमापक ठेवला. बाहेरचा आकडा सदतीस दाखवतो आणि आत तेहतीससुद्धा नाही. कपाट जुनं आहे, ऊब देणारी तार हळूहळू जळत आलीय. तिच्याशेजारी दुसऱ्या कुणाची एक बशी जरी असती, तर मे महिन्यातच कळलं असतं. औषधानं काही केलं नव्हतं. ती गारठली होती. मी ज्याला झोप म्हणत होते, "झोप गं बाई" म्हणून ज्याच्यासमोर बसत होते, तो गारठा होता.

सहाही गोळे मोठ्या कपाटात हलवले, औषध तसंच ठेवून. दोन मेलेत. उरलेल्या चौघांना ऊब लागली आणि आज सकाळी ते पोतं ओतल्याचं परत सुरू झालं, पहिल्यासारखं. औषध असून. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. वर्षभरानं रडू आलं ते या कारणानं.

मॉर्वेननं लगेच पर्थच्या डॉक्टरांना कळवलं आहे. ते तुला बोलावतील. जा.

रिपेका


डनीडन, १२ ऑगस्ट

तामा,

परवा फोनवर तू जे बोललास ते मी पुन्हा लिहिणार नाही. एवढंच लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणालास, "तू वाढवलीस ती मेली आणि माझा बरा झाला, ते तुला बघवत नाही." मग तू फोन ठेवलास. आता परत नंबर बंद आहे. लीॲनचाही.

असू दे. मला शिव्या घाल, या जन्मात माझं तोंड बघू नकोस. मी तशीही कुठे आहे? माझ्या घरात मला बघवत नाही असं काही उरलेलंच नाही. पण डॉक्टरांचं ऐक. तू त्यांना म्हणालास, "झटके थांबलेत, मग यायचं कशाला? अजून एका पोराच्या डोक्याला तारा लावायला?" हो, त्यासाठीच. त्यांचं म्हणणं ऐकून घे, त्यांनी ते मॉर्वेनला सांगितलं आणि मॉर्वेननं मला. हे औषध गुंगी आणतं. गुंगीत अंग हलत नाही, हात झटकत नाहीत, डोळे फिरत नाहीत, आणि आईबापांना वाटतं थांबलं. डोक्याच्या आत तेच चालू असू शकतं, दिवसभर, आणि बाहेर काही दिसत नाही. ते फक्त तारांनाच कळतं. तुझ्या नजरेला कळणार नाही, माझ्याही नाही. मी तर यंत्र समोर असून दीड-दोन महिने फसले.

औषध एकदम बंद करू नकोस, त्यानंही घात होईल, ते डॉक्टरच कमी करतील. पण पर्थला ने. लांब आहे, रस्ता वाईट आहे, रजा मिळत नाही, मला सगळं माहीत आहे. ने.

वायमारीला घरी आणतोय. आत्या म्हणाली, आता पुरे. ते चार गोळे आम्ही मोएराकीला तिच्या कबरीशेजारी पुरू. तोपर्यंत मी त्यांच्याजवळ बसते, मी दमले की मॉर्वेन बसते. तिला कराकिया येत नाही, ती नुसती बसते. तू येणार नाहीस हे धरून चाललेय.

तुला आवडो न आवडो, मी तुझी ताई आहे आणि मी तुला या पोरांबद्दल एकदा खोटं सांगितलं, मला खरं वाटत असताना. आता मला काहीच खरं वाटत नाही, एवढं सोडून. हे पत्र हातात पडेल तेव्हा तो झोपलेला असेल. तुम्ही दोघं पाय न वाजवता चालत असाल. तसं चालू नका. दार आपटा. त्याला नावानं हाक मार, मोठ्यानं, खाणीत मारतोस तशी. तो दचकून रडला तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

नाही रडला, तर गाडी काढ.

रिपेका